वाचलेले पैसे कुणाचे?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या शुक्रवारच्या बैठकीला गल्लीतली एक नवी सून आली. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. हजेरी झाली, हप्ते गोळा झाले आणि मग तिनं पिशवीतून लोणच्याची एक रिकामी बरणी काढली. आत पांढरी, जाडसर पावडर होती. "ताई, कपड्याची पावडर आहे, मी घरी केली. महिन्याला दीडशेच्या वर वाचतात." बाया खूश झाल्या. बरणी हातोहात फिरली. कुणी वास घेतला, कुणी चिमूटभर पाण्यात टाकून फेस काढून बघितला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग मी तिला विचारलं, "हे दीडशे तू ठेवतेस कुठं?"

ती गोंधळली. "ठेवते म्हणजे? घरातच राहतात की."

मैत्रिणींनो, तिच्या त्या एका वाक्यानं मला लिहायला बसवलं. पावडर करू नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः ती वर्षानुवर्षं केली आहे आणि चांगली करते. पण "घरातच राहतात" याचा अर्थ काय, तो मला फार महागात कळला.

१९८८ साली लातुरात आमचे हे ज्या तेलगिरणीत कारकून होते ती बंद पडली. घरात दोन लहान मुलं, सासू-सासरे, शिकणारा दीर. किराण्याच्या यादीला कात्री लावायची वेळ आली. पहिली कात्री कशाला लागली? यांच्या पानतंबाखूला नाही, दिराच्या सिनेमाला नाही. कपड्याच्या पावडरीला लागली, कारण ती वापरणारी घरात मी एकटीच होते! शेजारच्या काकूंनी मला कृती शिकवली. भुसार दुकानातून धुण्याचा सोडा सुटा आणायचा, बार साबण वाळवून किसणीवर किसायचा, दोन्ही कालवून डब्यात भरायचं. यांचा हिशेब मोठा चोख. वहीत दर महिन्याला एक ओळ असायची, "पावडर, बचत १५ रु." खरं सांगते, मला त्या ओळीचा अभिमान वाटायचा. आपण कमवत नाही, पण निदान वाचवतो तरी, असं वाटायचं.

ते १५ रुपये मी एका डब्यात टाकत गेले. माझं शिक्षण बारावीला थांबलेलं. बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरायचा असं मनात होतं, ते मी फक्त त्या काकूंना सांगितलं होतं. दोन वर्षांत साडेतीनशेच्या आसपास जमले. १९९० च्या मे महिन्यात नणंदेच्या मुलाचं जावळ निघालं, आहेर करायला हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या डब्यात आहेत ना?" मी डबा काढून दिला. कुणी हिसकावून घेतला नाही, कुणी रागावलं नाही. पैसे घरातलेच होते, घरातच गेले. फॉर्म पुढं सात वर्षांनी भरला, पण ती गोष्ट वेगळी.

यांच्या वहीत सोडा किती, साबण किती, वाचले किती हे सगळं होतं. माझ्या हातांचा रकाना मात्र नव्हता. सोड्याच्या पाण्यानं बोटांना भेगा पडायच्या, मीठ-तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या बोटाला नखुरडं व्हायचं. त्यावर हळद-तूप लावून त्याच हातानं दुसऱ्या दिवशी धुणं.

आता कृतीबद्दल थोडं, कारण हे वाचून कृती विचारणारी पत्रं येतीलच. एक किलो धुण्याचा सोडा आणि अर्धा किलो किसलेला साबण. साबण कडक वाळलेला हवा, नाहीतर गोळे होतात. सोडा धुण्याचाच घ्या. खायचा सोडा सौम्य असतो, त्यानं मळ निघत नाही. आणि कॉस्टिक सोडा तर घरात आणूच नका, तो कातडं जाळतो. धुण्याच्या सोड्याचं खरं काम आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात कळतं. जड पाण्यात क्षार असतात, ते साबणाला धरतात आणि त्याचा पांढरट साका कपड्यावर बसतो. धोतर, साड्या चार धुण्यांत राखाडी आणि ताठ होतात. सोडा त्या क्षारांना आधीच खाली बसवतो, मग साबण मळाला लागतो. म्हणून सोडा आधी पाण्यात विरघळू द्यावा, मग कपडे घालावेत. कोमट पाणी असेल तर उत्तम. रेशीम आणि लोकर यांना सोडा लावू नये, धागा खराब होतो. त्यांना रिठा. बिया काढून टरफलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून घ्यायची. आईची पैठणी मी अजून रिठ्यातच धुते. पण रिठ्याचं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, डोळ्यात गेलं तर चुरचुरतं आणि कामावरून आलेल्या घामट, तेलकट कपड्यांपुढं त्याचं फार चालत नाही. "पूर्वी सगळं रिठ्या-शिकेकाईवरच व्हायचं" असं म्हणणाऱ्यांनी एकदा गॅरेजवाल्याचा शर्ट रिठ्यात धुऊन दाखवावा. पाळीचे कपडे आधी थंड पाण्यात घाला, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. नंतर पावडर, आणि मग उन्हात. होय, उन्हात, दोरीवर, सगळ्यांच्या कपड्यांबरोबर. साडीखाली दडवून, अंधाऱ्या कोपऱ्यात दमट वाळवायचे दिवस गेले पाहिजेत.

आता हिशेब. मी त्या सुनेला वही घेऊन बसवलं. आमच्या बाजारात सोडा तिला ६० रुपये किलो पडला, अर्धा किलो साबण ५५ ला. म्हणजे दीड किलो पावडर ११५ रुपयांत, किलोला ७७. ती आधी जी पावडर आणत होती ती १६० रुपये किलोची. घरात सहा माणसं, महिन्याला दोन किलो लागते. म्हणजे महिन्याला १६५ च्या आसपास वाचतात हे खरं. पण त्याच दुकानात साधी स्वस्त पावडर ७५ ला मिळते! तिच्याशी तुलना केली तर वाचत काहीच नाही, उलट दोन रुपये जास्त जातात. हे ऐकून ती हिरमुसली. घरात ती महागडी पावडर का येते, तर नवऱ्याला तिचा वास आवडतो. म्हणजे वास त्याच्या आवडीचा आणि काटकसर हिच्या हातांची.

मग आम्ही वेळ मोजला. साबण किसणं, चाळणं, कालवणं, भांडी धुणं, दोन किलोला दीड तास. ते एकवेळ जाऊ दे. पण साबण-सोड्यानं धुतलेला कपडा जास्त घासावा लागतो आणि एक पाणी जास्त काढावं लागतं, नाहीतर सोडा कपड्यात राहतो आणि अंगाला खाज सुटते. तिनं स्वतः सांगितलं, रोज वीस मिनिटं जास्त जातात. महिन्याला दहा तास. एकूण साडेअकरा तासांत १६५ रुपये, म्हणजे तासाला १४ रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तास धरले तर तासाला ३७. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईला सरकार जेवढं देतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी मोलानं ही मुलगी मोरीत बसते. आणि ते मोलही तिच्या हातात पडत नाही.

तुम्ही म्हणाल, घरच्या कामाला कुठं तास मोजायचे? सरकारनं मोजलेत. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात गेलेले दिसतात, पुरुषांचे ८८. तेही जे पुरुष ते काम करतात त्यांचे. न करणारे त्या सरासरीत नाहीतच. २८९ मिनिटांत आणखी वीस घालायला सांगणारी प्रत्येक "बचत" आधी कुणाच्या अंगावर बसते ते बघायला नको का?

पाण्याचं तर वेगळंच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. आम्ही ते घागरींनी मोजलं. त्या दिवसांत मी माझी पावडर बंद केली, कारण एक खळबळणं म्हणजे दोन बादल्या. कमी फेसाची विकतची पावडर आणली, ती महाग पडली, पण पाणी वाचलं. धुण्याचं पाणी फरशीला, मग संडासात. झाडांना मात्र घालू नका. सोड्यानं माती कडक होते, माझी दोन जास्वंदीची झाडं त्यात गेली. सांगायचं म्हणजे, स्वस्त काय आणि महाग काय हे दुकानातल्या भावावर ठरत नाही. पाणी कोण आणतं यावरही ठरतं. ज्यानं कधी हंडा उचलला नाही त्याच्या वहीत पाण्याचा भाव शून्य असतो.

आणखी एक, जरा बाजूची गोष्ट. माझ्या माहेरच्या गावात परटाच्या घरची बाई गावाचं धुणं न्यायची, बाळंतिणीचेसुद्धा. वर्षाला चार पायल्या धान्यावर. गाडगेबाबा याच समाजातले. तिच्या हातांना सोड्यानं काय व्हायचं हे माझ्या आईनं कधी विचारलं नाही, मीही नाही. साबण विकत मिळू लागला, बलुतं सुटलं आणि धुणं घरातल्या बाईकडं आलं, तेव्हा आम्हाला भेगा दिसायला लागल्या. हे कबूल केल्याशिवाय पुढं लिहिणं बरोबर नाही.

आता गटातल्या उद्योगाकडं येते. २००४ साली एका संस्थेनं आम्हाला "वॉशिंग पावडर प्रशिक्षण" दिलं. दोन दिवस, चहा, वडापाव, शेवटी प्रमाणपत्र. तिथं साबण किसायचा नव्हता. ॲसिड स्लरी आणली होती, काकवीसारखी घट्ट, तपकिरी. घमेल्यात सोडा घ्यायचा, त्यावर स्लरी बारीक धारेनं ओतत कालवायचं. कालवताना ते फसफसतं आणि चांगलंच तापतं, कारण स्लरी म्हणजे आम्लच, सोड्याशी गाठ पडली की वायू सुटतो. मग पसरून थंड करायचं, चाळायचं, मीठ, रंग, वास घालून पिशव्या भरायच्या. हे काम मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे घालून, तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा लावून करायचं असतं. आम्हाला दिल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या, हाताला बांधायला. दुसऱ्या दिवशी एकीच्या मनगटावर स्लरी सांडली. पाणी ओतेओतेपर्यंत कातडं पांढरं पडलं. शिकवणारे सर म्हणाले, "होतं सुरुवातीला. सवय होईल." वीस वर्षं झाली, तो डाग तिच्या मनगटावर अजून आहे आणि बांगड्या ती त्याच्या वर सरकवून घालते.

आम्ही तीन महिने पावडर केली. विकायला गेलो तर दुकानदार म्हणायचा, "चांगली आहे, पण गिऱ्हाईक नाव विचारतं." उधारीवर ठेवून घ्यायचा, पैसे द्यायला झुलवायचा. कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर. शेवटी उरलेली पावडर आम्हीच वाटून घेतली आणि आपापल्या घरची धुणी धुतली.

यावर कुणी म्हणेल, बायांना धंदा जमत नाही. मग करसनभाई पटेलांची गोष्ट ऐका. गुजरात सरकारच्या खात्यात केमिस्ट असलेल्या या माणसानं १९६९ साली अहमदाबादेत घरच्या घरी पावडर करायला सुरुवात केली आणि सायकलवरून दारोदार विकली. मुलीच्या नावावरून तिचं नाव निरमा. घरातच केलेली पावडर, आमच्यासारखीच! पण तिला कुणी "घरखर्चातली बचत" म्हटलं नाही, धंदा म्हटलं, आणि तो पुढं कारखाना झाला. त्यांची हुशारी आणि कष्ट मी नाकारत नाही. पण संध्याकाळी सायकल काढून अनोळखी गल्ल्यांतून फिरण्याची मुभा, हातात येणारा पैसा पुन्हा मालात घालण्याचा अधिकार, हे पुरुषाला मागावं लागत नाही. माझ्या ३५० रुपयांचं भांडवल होऊ शकलं असतं. ते जावळाचा आहेर झालं.

निरमानं बाजार खाल्ला तेव्हा सर्फच्या जाहिरातीत ललिताजी आली. स्वस्त घेणं आणि शहाणपणानं घेणं यातला फरक ती आपल्याला ठणकावून सांगायची. पांढरी साडी, भाजीवाल्याशी हुज्जत. सासूबाईंना ती फार आवडायची. ते काम करणाऱ्या कविता चौधरींनी १९८९ साली 'उडान' ही मालिका स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकारी झाल्या. पण घराघरांत राहिली ती ललिताजीच. बाईची हुशारी भाजी आणि पावडर यांच्यापुरती असली की सगळ्यांना गोड वाटते.

बायांना पावडरीचा धंदा जमतो याचा दाखलाही आहे. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्याच संस्थेची 'ससा' डिटर्जंट पावडर आहे. तिथल्या बाया स्वतःला कामगार म्हणवत नाहीत, सभासद-मालक म्हणवतात. लाटलेल्या पापडाची वणई मोजून हातात पडते आणि नफ्यात वाटा असतो. तिथं सगळंच आदर्श आहे असं नाही. घरी पापड लाटणाऱ्या बाईची पाठ दुखायची ती दुखतेच. पण तिच्या कामाचं वजन होतं आणि ते तिच्या नावावर लिहिलं जातं. आमच्या पावडरीत आणि त्यांच्या पावडरीत फरक सोड्याचा नाही, एवढाच आहे.

त्या शुक्रवारी बैठक दोन तास लांबली. पुष्कळ वाद झाला. एक जण म्हणाली, घरात नवरा-बायकोचे पैसे वेगळे काढले तर संसार कसा व्हायचा? दुसरी म्हणाली, त्याचा पगार त्याच्या खात्यात जातो तेव्हा संसार मोडत नाही, मग माझे दीडशे माझ्या खात्यात गेल्यावर कसा मोडेल? आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आत्या, कधी फारशा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "मी पन्नास वर्षं वाचवलं. कुणी दाखवा बरं मला कुठंय ते." नंतर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

शेवटी असं ठरलं. ज्यांना पावडर करायची आहे त्यांनी महिन्यातून एकदा समाजमंदिरात एकत्र करायची, साबण-सोड्याचीच, स्लरी नाही. सोडा ठोक भावानं पोतं आणायचं, मग तो नक्कीच स्वस्त पडतो. हातमोजे गटाच्या खर्चानं. आणि प्रत्येकीच्या पासबुकात एक वेगळी ओळ, "पावडर", तिथं तिचे वाचलेले पैसे दर महिन्याला जमा होतील. ते तिच्या सहीशिवाय निघणार नाहीत, जावळ असो की बारसं. दोघींनी नवऱ्यांना किसायला बसवायचं कबूल केलं आहे. एकाचा निरोप आला की तो करेल, पण दार लावून.

त्या नव्या सुनेचा सासूबाईंशी खटका उडाला. "आमच्या घरातले पैसे गटात कशाला?" असं त्या म्हणाल्या. तिनं मला येऊन सांगितलं तेव्हा आवाज रडवेला होता, म्हटलं आता ही यायची नाही. पण गेल्या शुक्रवारी आली. पदराच्या टोकाला बांधलेली पन्नासची नोट सोडून तिनं पुढं ठेवली. सासूबाईंनी पन्नास सोडलेत, बाकीच्या शंभरावर बोलणी चालू आहेत. मी तिच्या पासबुकात तिच्या नावावर ५० लिहिले आणि तिची सही घेतली.